बाबांसाठी कमी आवाजाचा पोपट

पोपट आणायचा असं मी घरात जाहीर केलं, तेव्हा बाबा जेवत होते. हातातला भाकरीचा तुकडा त्यांनी ताटात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी चोराला घरात खोली भाड्याने देतोय, असा तो चेहरा होता.

"राघू? पैसे देऊन? अरे, सारी उमर गोफण फिरवून हाकलले म्या त्यायला. आन् तू घरात आणून बसवायलास?"

त्यांचंही खोटं नव्हतं. उमरीजवळच्या आमच्या शेतात ज्वारी हुरड्यात आली की हिरवे थवे उतरायचे. बाबा दिवसभर माळ्यावर उभे राहून ओरडायचे, गोफणीतून दगड सोडायचे. मी शाळेतून आलो की खाली पत्र्याचा डबा बडवायचो. राघू दाणे खातो त्याचं बाबांना विशेष काही नव्हतं. तो अर्धं कणीस कुरतडून खाली टाकतो आणि पुढच्या कणसावर जाऊन बसतो, ह्याचा त्यांना राग होता. अन्नाची नासाडी करणारा माणूस असो की पाखरू, त्यांच्या लेखी दोघेही एकाच लायकीचे.

पण मला घरात काहीतरी जिवंत हवं होतं, आणि ते बाबांसाठीच हवं होतं. आई गेल्यावर ते बरीच वर्षं गावात एकटेच राहिले. मग एकदा शेतातून परतताना चक्कर येऊन बांधावर पडले आणि बराच वेळ तसेच पडून राहिले. कुणाच्या लक्षातच आलं नाही. मला कळलं त्या दिवशीच मी त्यांना नांदेडला घेऊन आलो. औषध लागू पडलं, चक्कर थांबली. बाबा मात्र आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये स्टँडवर गाडीची वाट बघत बसल्यासारखे बसायचे. दर आठवड्याला म्हणायचे, "मी जातो गावाकडं." दर आठवड्याला मी काहीतरी काढायचो. डॉक्टरांनी बोलावलंय, ऊन फार आहे, सण तोंडावर आलाय. कारणं संपत आली होती. तुम्ही इथं राहणार की नाही, हे सरळ विचारायची माझी छाती होत नव्हती. ते पुन्हा तिथं पडतील आणि मला कळणारही नाही, ही भीती माझ्या मनातून जातच नव्हती.

म्हणून पोपट. कुत्र्याची जागा अंगणात, असं बाबांचं मत, आणि अंगण आमच्याकडे नाही. मांजरीने बायकोला शिंका येतात. मासे सुचवले तर बाबा म्हणाले, "त्यात काय, नुसतं बघत बसायचं?" पोपटालाही एक अट होती, ती माझ्या बायकोची. ती दुपारी हॉलमध्ये मुलांना गणित शिकवते आणि खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना आमच्या कुकरची शिट्टीसुद्धा खपत नाही. तेव्हा पोपट लहान हवा आणि ओरडणारा नको.

नांदेडमध्ये पक्षी विकणाऱ्या एका दुकानात गेलो. मला न बोलणारा पोपट हवाय म्हटल्यावर दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. "सर, लोक बोलावं म्हणून पोपट नेतात. मुकाच पायजे तर मातीचा घ्या, काचेच्या कपाटात शोभंल." मग त्याने इकडेतिकडे बघून बाकाखालून एक टोपली काढली. आत आपल्याच रानातले हिरवे राघू होते, पिसंही न फुटलेली पिल्लं, एकमेकांच्या अंगावर पडलेली. हे पाळायला कायद्याने बंदी आहे, असं मी म्हणालो. तो म्हणाला, सगळेच पाळून राहिलेत. मग कायदेशीर म्हणून एक परदेशी पिल्लू दाखवलं, त्याचेही डोळे नुकतेच उघडलेले. सोबत सिरिंज. "हातानं भरवा, लई लळा लागतो." आईच्या चोचीतून ओढून आणलेल्या जिवाला माझा लळा लागावा, ही कल्पना मला इतकी घाणेरडी वाटली की मी त्याला दोन शब्द सुनावले आणि तरातरा बाहेर पडलो. हेल्मेट तिथंच राहिलं. ते आणायला परत जावं लागलं, तेव्हा रागाची सगळी शान गेली.

शेवटी माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्याने लातूरच्या एका बाईंचं नाव सुचवलं. त्या गच्चीवर छोट्या जातीचे पोपट वाढवतात आणि मोजकेच देतात. मी फोन केला. मला वाटलं, रंग आणि किंमत विचारायची आणि झालं. पण विचारायला सुरुवात त्यांनीच केली. घरात कोण कोण असतं, पंखा कुठे आहे, स्वयंपाकाचा धूर कुठून जातो, गावाला गेलात तर पक्षी कुणाकडे. माझं लग्न जमताना सासऱ्यांनीही मला इतकं विचारलं नव्हतं.

"दिवसभर बघणार कोण?" त्यांनी विचारलं.

"माझे वडील."

"मग त्यांना घेऊन या. त्यांना बघितल्याशिवाय मी देत नाही."

पाखरू बघायला चला म्हटलं असतं तर बाबा जागचे हलले नसते. लातूरच्या आडत बाजारात तुरीचा भाव बघून येऊ म्हटल्यावर मात्र ते माझ्या आधी टोपी घालून तयार झाले. एसटीने गेलो. बाजारात त्यांनी चार ठिकाणी तूर तळहातावर घेऊन बघितली आणि चारही ठिकाणी मान हलवली. मग रिक्षाने आम्ही बाईंच्या घरी पोचलो.

बाई पन्नाशीच्या, पदर कमरेला खोचलेल्या, बोलायला फटकळ. गच्ची झाडून लख्ख केलेली, पाण्याची भांडी घासलेली, आणि आवाज म्हणाल तर बारीकशी चिवचिव. शेजारच्या इमारतीत क्लासच्या पोरांची अभ्यासिका होती. "त्या पोरांचं डोकं उठू नये म्हणून मी हीच जात ठेवली," त्या म्हणाल्या. "बर्क म्हणतात हिला. पहाटे आणि संध्याकाळी जरा गुणगुणते, बाकी गप."

बाबा जाळीजवळ गेले. आत तपकिरी पाठीचं, गुलाबी पोटाचं, चिमणीहून थोडं मोठं पाखरू राळ्याचा एकेक दाणा सोलून खात होतं.

"हा राघू?" बाबा म्हणाले. "ह्याच्यानं कणीस काय मोडंल!" मग बराच वेळ बघून, "सांडत बी न्हाई की फार."

बाईंनी पिल्लाचे आईबाप दाखवले. त्याच घरट्यातलं धाकटं पिल्लू अजून आईकडून भरवून घेत होतं, ते देणार नाही म्हणाल्या. थोरलं आपलं आपण खायला लागलं होतं. त्याला त्यांनी बाहेर काढलं आणि बाबांना बोट पुढे करायला सांगितलं. बाबांचं बोट म्हणजे बाभळीची फांदी. पिल्लाने इकडेतिकडे बघितलं आणि त्या बोटावर चढून बसलं. बाबांनी श्वाससुद्धा हळू घेतला. त्यांचा असा चेहरा मी आई गेल्यापासून पाहिला नव्हता. मी मनात म्हटलं, जमलं. आता हे कुठे जात नाहीत.

"मामा," बाई म्हणाल्या, "हे पाखरू दहा-बारा वर्षं जगतं. सांभाळणारा माणूस एकदम बदलला की दाणा खायचं सोडतं. तुम्ही ह्यांच्याकडं कायम राहणार ना?"

इतके महिने जो प्रश्न विचारायचं मी टाळलं होतं, तो ह्या बाईने पाण्याचं भांडं विसळता विसळता विचारला होता. मी घाईघाईने म्हणालो, "हो हो, राहणारच."

"तुम्हाला नाही विचारलं, सर."

बाबांनी पाखरावरची नजर काढली नाही. "न्हाई," ते म्हणाले. "मी गावाकडं जाणार हाय. ह्यानं हसून जा म्हणावं, म्हणून थांबलोय."

बाईंनी बाबांच्या बोटावरून पाखरू हलकेच उतरवून घेतलं. "मग नको, मामा. राग मानू नका." मी मध्ये पडलो, मी बघीन म्हणालो, वाटेल ते सांगितलं. तुम्ही दिवसभर घरी असता का, एवढंच त्यांनी विचारलं, आणि पाखरू जाळीत परत सोडलं.

बाईंवर मी जाम भडकलो होतो. पाखरं द्यायला बसली आहे की लोकांच्या घरातला न्यायनिवाडा करायला, असं रस्ताभर बडबडत मी स्टँड गाठलं. बाबांनी फुटाणे घेतले. अहमदपूर गेल्यावर खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "तिच्यावर कशाला चिडायलास? तिनं इचारलं ते बरंच झालं. माज्याच्यानं बोलणं होत नव्हतं."

त्यांनी फुटाण्याची पुडी माझ्यापुढे केली.

"तुमच्याकडं मला काई कमी न्हाई. सुनबाई ताजी भाकर वाढती. पन सकाळी उठलो की कुठं जावं ते कळत न्हाई. गॅलरीत जाऊन उभा ऱ्हातो आन् परत आत येतो. दिवस लई मोठा होतो रे."

"मला भीती वाटते, बाबा," मी म्हणालो. हे वाक्य त्यांच्यासमोर मी कधी उच्चारलं नव्हतं. "तिथं पडलात आणि कुणाला कळलंच नाही तर?"

त्यांनी फुटाण्याची पुडी दुमडून खिशात ठेवली. "मलाबी वाटती," ते म्हणाले.

लोहा आलं. मग तेच म्हणाले, "त्या बाईला फोन लाव. पाखरू गावात चालंल का म्हणावं. गावात तर मी कायमच हाय. आन् हे बघ, सकाळी त्याला पाणी घातलं की तुला फोन करत जाईन. ज्या दिशी फोन झाला न्हाई, त्या दिशी निघून यायचं. ठरलं?"

ठरलं, मी म्हणालो. मी ज्या पोपटाच्या जोरावर त्यांना अडवणार होतो, तोच घेऊन ते निघाले होते. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. बाईंनी फोनवर पुन्हा पन्नास प्रश्न विचारले. चूल पेटवता का, शेजारी मांजर आहे का, पिंजरा टांगायला उंच जागा आहे का. त्याच आठवड्यात आम्ही पुन्हा लातूरला गेलो. भोकं पाडलेला खोका त्यांनी माझ्याकडे न देता सरळ बाबांच्या हातात दिला.

मग रोज सकाळी फोन यायला लागला. "घातलं पाणी." बस, एवढंच. कधी मर्जी असली तर, "रानात राघू हाकलून आलो आन् घरी ह्या राघूला दाणा घातला. येड लागलंय मला." फोनला थोडा जरी उशीर झाला तरी चहा माझ्या घशाखाली उतरायचा नाही. बायको चिडवायची, नव्या नवरीच्या फोनची तरी इतकी वाट बघितली होतीत का?

परवाच्या परीक्षेत मला बाहेरगावच्या केंद्रावर ड्युटी लागली. पहाटेच निघालो. फोन आवाज बंद करून बॅगेत टाकला होता, तो केंद्रावर पोचताच जमा करावा लागला, आणि परत मिळाला तेव्हा बॅटरी संपून बंद पडला होता. बायको माहेरी गेली होती. बाबांच्या मोबाइलवरून एकच नंबर लावता येतो, माझा. त्यांना आधी सांगून ठेवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

संध्याकाळी जिना चढून वर आलो, तर आमच्या कुलूप लावलेल्या दाराशी, पायरीवर बाबा बसले होते. टोपी मांडीवर, टोपीशेजारी तो खोका. मला बघून ते भिंतीला धरून उठले.

"फोन कामून उचलला न्हाई?"

त्यांचा आवाज सगळ्या जिन्यात घुमला. खालच्या गृहस्थांनी दार उघडून वर पाहिलं.

"परीक्षेची ड्युटी होती, बाबा. फोन जमा करावा लागतो."

"सांगायचं न्हाई? किती येळा लावला म्या!" त्यांनी खोका उचलून छातीशी धरला. "फोन झाला न्हाई की निघून यायचं, असं ठरलं होतं का न्हाई?"

"ते माझ्यासाठी ठरलं होतं, बाबा. मी तुमच्याकडे यायचं होतं."

"दोघांचं ठरलं होतं," ते म्हणाले.

मला रडू आलं. चाळिशी ओलांडलेला मास्तर मी, खालून शेजारी बघतोय, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहतंय. किल्ली कुलपात जाईना. बाबांनी ती माझ्या हातातून घेतली, खोका माझ्याकडे दिला आणि स्वतः दार उघडलं.

"आदी त्याला पाणी दे," आत जाता जाता ते म्हणाले. "सकाळी निघाल्यापासनं आमच्या दोघांच्याबी पोटात पाण्याचा थेंब न्हाई."