राजवाड्यातलं घंगाळ आणि गफूरभाई

मधल्या सुट्टीत रुक्साना शाळेच्या फाटकाशी उभी दिसली. "बाई, अब्बा गेले… सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकले, ते तसेच," एवढं बोलून ती माझ्या खांद्यावर कोसळली. ती माझी जुनी विद्यार्थिनी, गफूरभाई कल्हईवाल्यांची थोरली मुलगी. त्याला आता दीड महिना होईल.

शिळफाट्याला आमच्या घरासमोरच त्यांची भट्टी होती. तापलेल्या भांड्यात कथील सोडून कापसाचा बोळा फिरवला, की काळवंडलेलं तांबं आतून चांदीसारखं उजळायचं. लोधिवलीपासून पार कडावपर्यंतची भांडी त्यांच्याकडे यायची. मग स्टील आलं. आहेरात स्टील, रुखवतात स्टील… भट्टी आठवड्यातून एखाद्या दिवशी पेटू लागली. गफूरभाई कुरकुरणारे नव्हते. एकदाच म्हणाले, "बाई, आमचं काम सरलं. नव्या पोरींला कल्हई म्हंजे काय, त्येच ठाव नाय." ते माझ्या मनाला लागून राहिलं.

सत्तर सालानंतरची गोष्ट. शाळेची सहल घाटापलीकडच्या एका जुन्या संस्थानाचा किल्ला आणि राजवाड्यातलं संग्रहालय बघायला निघाली. सोबतीला पालक हवे होते. रुक्सानाच्या आईने, हमीदाभाभींनी, नवऱ्याला बळेच एसटीत बसवलं. गफूरभाई आयुष्यात पहिल्यांदा राजवाडा बघत होते. मुली अंबारीपाशी, आरशांपाशी रेंगाळत होत्या आणि हे मात्र एका तांब्याच्या अजस्र भांड्यासमोर खिळलेले. रुक्सानाने पाटी वाचून दाखवली, 'महाराजांच्या स्नानाचे घंगाळ'.

"न्हायाच्या भांड्याला कल्हई कोण करतं गं?" म्हणत ते काठाखालचं काहीतरी निरखायला दोरीवरून आत वाकले.

"ओ चाचा, मागं व्हा!" रखवालदार खेकसला. मुली वळून बघू लागल्या. गफूरभाई ओशाळून चार पावलं मागे सरले आणि टोपी सारखी करत खिडकीबाहेर बघत राहिले. मला ते बघवेना. मी तरातरा जाऊन तिथल्या व्यवस्थापकांनाच घेऊन आले. म्हातारे, काळ्या टोपीतले गृहस्थ. "अहो बाई, मी इथे लागलो तेव्हापासून ही पाटी आहे," ते म्हणाले.

"आसंल साहेब. पर जरा बॅटरी आना," गफूरभाई हळूच बोलले.

बॅटरी आली. भांड्याच्या काठाखाली, घासणाऱ्याचा हात पोचत नाही अशा खाचेत, पांढरी बारीक रेघ चमकली. "ह्ये कथील. आंबट-खारट कळकू नये म्हनून लावत्यात. साहेब, ह्याच्यात महाराज न्हाले नायत. ह्याच्यातलं पंगतीला वाढलंय!"

मुली खळखळून हसल्या. व्यवस्थापक हसले नाहीत. त्यांनी खाचेवरून बोट फिरवलं, मग खिशातून किल्ल्या काढल्या. "आत अजून पुष्कळ भांडी पडली आहेत. कुठलं कशाचं, सांगणारं कुणी उरलं नाही. येता का?"

आमची एसटी दीड तास उशिरा सुटली. मुलींनी पायऱ्यांवर बसून डबे संपवले, पण एकीनेही कुरकूर केली नाही. दिवाळीनंतर गफूरभाई चार दिवस पुन्हा तिकडे जाऊन आले. परतले तेव्हा चाल बदललेली होती, मान वर होती.

पुढे मी पुन्हा तिथे गेले, तर पाटी बदललेली. 'मुदपाकखान्यातील देग', म्हणजे राजाच्या स्वयंपाकघरातलं रांधायचं मोठं भांडं. गफूरभाईंचा उल्लेख नव्हता. मी परत येऊन त्यांना चिडून सांगितलं तर ते म्हणाले, "माझं नाव कशाला, बाई? भांड्याचं नाव बराबर लागलं ना… बास."

गेल्या आठवड्यात त्यांचा चाळिसावा झाला. अंगणात जमातीची मोठी देग आणून ठेवली होती. त्यांनी शेवटची कल्हई केली ती हिलाच. तांदूळ पडायच्या आधी हमीदाभाभी तिच्यात वाकल्या, पदराने कड पुसली आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. मीही डोकावले. आम्हा दोघींचे चेहरे तळाशी स्वच्छ दिसत होते.

"वरीसभर तरी कल्हईला बघाया नको," भाभी म्हणाल्या, आणि त्यांनी निवडलेल्या तांदळाचं सूप जवळ ओढलं.