दत्तूराव ड्यूटीवर आहेत

इंदूरच्या डॉक्टरनं हिला विचारलं, "माताजी, पति का नाम क्या है?"

ही नुसती खाली बघून हसली. डॉक्टरनं कागदावर काट मारली. माझं डोकं तापलं. म्हटलं, साहेब, लग्न झाल्यापासून तिनं माझं नाव घेतलेलं नाही. ते काय विसरणं झालं?

सून पुष्पा बाजूला उभी होती. म्हणाली, "आई, उखाण्यात घ्या बघू."

आणि हिनं लगेच घेतलं, "क्षिप्रेच्या घाटावर दिवे लावते सांजेला, दत्तूरावांचं नाव घेते ड्यूटीवरून यायच्या वेळेला."

मी डॉक्टरकडं बघितलं, की पुस आता. त्यानं पुसलीसुद्धा. मग माझ्याकडं बोट करून विचारलं, "और ये कौन हैं?"

हिनं पदर सारखा केला आणि पुष्पाच्या कानाशी लागली, "कोण जाणे बाई. रेल्वेतले असतील कोणी. यांच्याकडं आले असतील."

मला तिथंच कळलं. 'अल्झायमर' हे नाव डॉक्टरनं नंतर सांगितलं. माणसाला हळूहळू विसरायला लावणारा मेंदूचा आजार, असा त्याचा अर्थ.

आता आधीचं सांगतो. मी चौथी पास माणूस. रेल्वेच्या केबिनमध्ये सिग्नलचे लिव्हर ओढत रिटायर झालो. पुढच्या स्टेशननं हो म्हटल्याशिवाय गाडी सोडायची नाही, त्या होकाराला लाइन क्लिअर म्हणतात. शंका आली की सिग्नल लालच ठेवायचा. जन्मभर हेच केलं, त्यामुळं माणसांवरही माझा सिग्नल लालच असतो.

हिचं दुखणं सुरू झालं ते चोरीपासून. पाटल्या सापडेनात. ही पुष्पाला म्हणाली, "तुझ्या माहेरी गेल्या असतील फिरायला." मला ते खरं वाटलं. मी पुष्पाच्या मागं डोळे लावून बसलो. पाटल्या तांदळाच्या डब्यात निघाल्या, तर मला वाटलं, पकडली जाईल म्हणून पुष्पानंच ठेवल्या.

मग एक दिवस ही माझ्याशी हिंदीत बोलली. आमचं गाव हिंदी मुलखातलं, म्हणून घरात मराठी आणि दारावर आलेल्याशी हिंदी, अशी रीत. चहा पुढं ठेवून म्हणाली, "बैठिए भैया, वो आते ही होंगे." मी समजलो चेष्टा करते. मीही म्हटलं, "जी भाभीजी." पुष्पा हसली. ही नाही हसली.

आमच्या गावातला, माधव नगरचा डॉक्टर म्हणाला, "उमर का असर है," आणि ताकदीची बाटली दिली. मला कळेना, वय झाल्यावर बायको नवऱ्याला भैया म्हणते का? म्हणून इंदूर गाठलं.

तिथं सीटी स्कॅन सांगितला, म्हणजे डोक्याच्या आतला फोटो. परदेशी मालाला नुकती मोकळीक मिळाली होती, त्या दिवसांत सगळंच बाहेरून येत होतं. आमच्या गावच्या टावर चौकात तर रोज नवा माल. मला वाटलं, यांनीही नवं मशीन आणलंय, आता त्यात घालायला डोकी पाहिजेत. फोटो दाखवून म्हणाले, मेंदू आकसलाय. मी विचारलं, फोटो हिचाच कशावरून? पुष्पानं माझा हात दाबला.

डॉक्टर चिडला नाही. त्यानं सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. मेंदूत न्यूरॉन म्हणजे पेशी असतात. एक पेशी दुसरीला निरोप देते. दोघींच्या मधे बारीक फट असते, ती सिनॅप्स. निरोप ती फट ओलांडतो तेव्हा आपल्याला ओळख पटते, आठवतं. या आजारात अमायलॉइड नावाचं प्रोटीन पेशींच्या बाहेर साचतं, आणि टाऊ नावाचं दुसरं प्रोटीन पेशीच्या आत गुंता करतं. निरोप अडतात. पुढं पेशी मरतात.

मी विचारलं, प्रोटीन साचलं म्हणून निरोप अडतो, का निरोप बिघडला म्हणून प्रोटीन साचतं? गंजामुळं तार बंद पडते, तशी बंद तारही गंजते.

तो म्हणाला, "बाबा, इस पर तो हम डॉक्टर लोग भी झगड़ते हैं। पक्का पता नहीं।"

माझा त्याच्यावर पहिल्यांदा भरोसा बसला तो तेव्हा. ज्याला सगळंच माहीत असतं, तो मला लबाड वाटतो.

घरी आलो तर शेजारच्या काळेवहिनी म्हणाल्या, "प्रोटीन म्हणजे डाळ हो, भाऊजी. वरण बंद करा आधी." मला पटलंही. पण शंका काही जाईना, म्हणून पुढच्या खेपेला विचारलं. डॉक्टर म्हणाला, हे प्रोटीन मेंदूतच तयार होतं, डाळीचा दोष नाही, पोटभर खाऊ द्या. तुम्हालाही असं कुणी सांगितलं तर आधी विचारा.

पण ही खाईचना. पुष्पा चोर आणि मी परका, मग खाणार कुणाच्या हातचं? पाटल्या हातातून गळून पडायला लागल्या. डॉक्टरनं सांगितलं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल.

मी ओरडायचो, "अगं, मी दत्तू!" तेवढी ती तोंड घट्ट मिटायची. "झूठ बोलते हो। शर्ट भी उनका पहन रखा है।"

मग मला तो उखाणा आठवला. म्हणजे दत्तूराव हिच्या आत शाबूत होता. दारातल्या या म्हाताऱ्याला तिथवर लाइन क्लिअर मिळत नव्हती, एवढंच. मग मी कशाला दत्तूराव म्हणून आत घुसतो?

मुलाचा शर्ट घातला. बाहेर जाऊन कडी वाजवली. "भाभीजी, दत्तूरावजी ने भेजा है। ड्यूटी लंबी है। बोले, आप खाना खा लो।"

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "उन्होंने खाया?"

"खा लिया।"

"क्या था डिब्बे में?"

बायको कुणाची? तपासल्याशिवाय सोडते का!

"ज्वार की रोटी, मेथी, और आपके हाथ की लहसुन की चटनी। कहते हैं, ऐसी चटनी किसी के घर नहीं बनती।"

ती हसली. पाटावर बसली. वरणभात खाल्ला, माझ्या हातानं.

त्यानंतर मी रोज कडी वाजवून माझ्याच घरात गेलो. पुष्पा आतून म्हणायची, "आले बघा बाबांचे दोस्त!" आजार थांबला नाही. पुढं बोलणं गेलं, चालणं गेलं. पण शेवटपर्यंत नळी लागली नाही. ज्या पुष्पावर मी पहारा ठेवला होता, तिनंच हिचं अंग पुसलं, चादरी धुतल्या. तिचे उपकार आहेत, हे मी तिच्यासमोर बोललो नाही, म्हणून इथं लिहितो.

तुमच्या घरात हे आलं तर डॉक्टरवर शंका घ्या, औषधावर घ्या, माझ्यावरही घ्या. पण आजारी माणसाशी 'मी कोण' यावरून भांडू नका. हरता आणि वर त्याला उपाशी ठेवता.

बोलणं जायच्या आधी एकदा, घास संपल्यावर, तिनं माझा हात धरला. म्हणाली, "भैया, वो आएँगे तो बताऊँगी, आपने बहुत किया।"

अजून सांगितलं नाही तिनं मला. वर गेलो की सांगेल.