पान एकसष्ट

आमच्या गाइडसरांनी माझा प्रबंध वाचलाच नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. दर शनिवारी पळसदरीच्या त्यांच्या बंगल्यावर मी कागद घेऊन जायचो. सर धरणाकडे तोंड करून सह्या ठोकायचे आणि विचारायचे, "चिकन आणलंस का रं?" डोंबलाचं मार्गदर्शन! पण पीएच.डी. झाल्याशिवाय कर्जतच्या कॉलेजात मला कायम करणार नव्हते. चाळिशी उलटली तरी मी दरवर्षी नेमणुकीचं नवं पत्र घेत होतो. म्हणून चिकनही नेत होतो.

विषय होता कॅनॉनिकल सिस्टिम, एका ठरावीक साच्यातली डिफरन्शियल समीकरणं. त्यात प्रत्येक बिंदूवर एक मॅट्रिक्स, म्हणजे संख्यांचा चौकोनी तक्ता, बसलेलं असतं. त्यावरून स्पेक्ट्रम, म्हणजे त्या समीकरणाच्या खास संख्या, ठरतो, तारेच्या जाडीवरून तिचा सूर ठरावा तसा. माझं प्रमेय उलट्या दिशेचं होतं: स्पेक्ट्रमची पूर्ण माहिती द्या, त्यावरून मॅट्रिक्स सापडतं, आणि ते एकच असतं.

तोंडी परीक्षेच्या चार दिवस आधी पान एकसष्ट वाचताना मला चूक सापडली. एकच असतं, पण केव्हा? मॅट्रिक्सचा ट्रेस, म्हणजे कर्णावरच्या संख्यांची बेरीज, सगळीकडे एक धरली तरच. शिळफाट्यापासून चौकपर्यंतचे मैलाचे दगड कुणी सरकवले, तर आकडे बदलतात, रस्ता तोच राहतो. तसंच इथे मॅट्रिक्स बदलतं, स्पेक्ट्रम नाही. आमच्या विषयातली माणसं ही अट इतकी गृहीत धरतात, की लिहायचीच विसरतात. मीही विसरलो होतो. एका ओळीवाचून प्रमेय खोटं ठरत होतं.

सरांना फोन केला.

"गप बस. दुरुस्ती म्हटलीस तर परत छपाई, परत अहवाल. वर्ष जाईल तुझं. कोण वाचतंय रं?"

शाल, नारळ आणि वडे उमेदवारानेच आणायचे, तेही निकालाआधी, अशी आमच्याकडची रीत. विभागातली सगळी बुद्धिमत्ता त्या दिवशी वड्यांच्या पिशवीकडे टक लावून बसली होती. बाहेरचे परीक्षक म्हातारे होते. शर्टाची बटणं खालीवर लागलेली. आल्या आल्या त्यांनी डोळे मिटले. घ्या, आणखी एक नग! अर्धा तास मी भिंतीशी बोललो आणि मनात चडफडलो, मेल्यांनो, एकाने तरी वाचायचं होतं!

म्हाताऱ्यांनी डोळे उघडले. "पान एकसष्ट. ट्रेसचं काय?"

आवाजात राग नव्हता. फळ्यावर दोन मिनिटांत सगळं नीट मांडता आलं असतं. पण सर खुर्चीतून अर्धे उठले. "छपाईतली चूक हाय, साहेब. ओळ गळली."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला नेमणुकीचं पत्र दिसत होतं.

"हो सर," मी म्हणालो, "छपाईतली चूक."

परीक्षक "बरं" म्हणाले आणि त्यांनी सही केली. टाळ्या झाल्या, शाल झाली. ते वडा न खाता निघून गेले.

त्यांची प्रत टेबलावरच राहिली होती. ती मी घरी नेऊन उघडली. पान एकसष्टवर ती अट पेन्सिलीने नीट लिहिलेली होती, आणि खाली बारीक अक्षरात: "विसरला असेल. सिद्धता सुंदर आहे."

मी कायम झालो. सरांना अजून मनसोक्त शिव्या घालतो. पण ते न वाचता खोटं बोलले होते. मी वाचून बोललो.