मागच्या खोलीतलं चाक

गल्लीत त्याला गुंडाळ्या म्हणत. विजेच्या जळलेल्या मोटारींवर तांब्याची तार पुन्हा गुंडाळायची, हा त्याचा जन्माचा धंदा, तेव्हा नाव चिकटलं ते चिकटलंच. माणूस अबोल, इतका की पंखा दुरुस्तीला आणणारा तासभर गप्पा हाणून जायचा आणि हा मान डोलवत वेढे घालत राहायचा. त्याची बायको म्हणायची, घरातला मिक्सर ह्यांच्यापेक्षा जास्त बोलतो. हे तिने त्याच्यासमोरच म्हटलं, तरी तो हसला आणि कामाला लागला.

तरुणपणी पंपाच्या मोटारी केल्या, मग पंखे, आणि उतारवयात विजेच्या सायकली आल्या. ह्या सायकलींची मोटर मागच्या चाकाच्या पोटातच असते. तारांचे वेढे आत गप्प बसून राहतात आणि चुंबकांचं कडं त्यांच्याभोवती चाकासकट फिरतं. झाकण काढताना ही चुंबकं अशी ओढ घेतात की बेसावध माणसाचं बोट सापडलंच म्हणून समजा. गुंडाळ्याच्या दोन्ही हातांवर त्याच्या खुणा होत्या.

अशी मोटर तपासायची त्याची एक खास रीत होती. नव्या वेढ्यांवर तो लगेच बॅटरी सोडत नसे, कारण काही चुकलं असलं तर एका क्षणात सगळ्या मेहनतीचा धूर होतो. त्याऐवजी दुरुस्त केलेल्या मोटारीच्या तीन तारा तो एका चांगल्या चाकाच्या तीन तारांना जोडायचा. वीज नाही, काही नाही. चांगलं चाक हाताने फिरवलं की त्यातून जेमतेम वीज निघते आणि त्या विजेवर दुसरं चाक आपोआप फिरू लागतं. इकडून फिरवलं की तिकडे फिरतं, तिकडून फिरवलं की इकडे. ह्याला तो 'हातात हात देणं' म्हणायचा. पुढच्या खोलीत कानशीचा कीस उडतो आणि चुंबकांना चिकटतो, म्हणून उघडलेल्या मोटारी मागच्या खोलीत असत. चांगलं चाक मात्र पुढे दारापाशी, आणि तारा भिंतीतल्या भोकातून आरपार गेलेल्या.

त्याचा थोरला भाऊ अगदी उलट, बोलघेवडा आणि खोडकर. तो कालव्याचे दरवाजे उघडझाप करायच्या नोकरीवर होता. रोज संध्याकाळी विजेच्या सायकलीवरून घरी यायचा. एका संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशी पाणी अडवून कालवा कोरडा केला, गाळ उपसला, तेव्हा सायकल सापडली. तो सापडला नाही.

तेव्हापासून वहिनीचं घर त्या संध्याकाळपाशी थांबून राहिलं होतं. दिवस कलला की ती उंबऱ्यावर येऊन बसायची. दाराला कडी लावायची नाही, कुठे मुक्कामाला जायचं नाही. तिची लेक दूरच्या शहरात होती, पदरात लहान मूल, आणि ती आईला बोलावून बोलावून थकली होती. गेल्या थंडीत वहिनी तापाने फणफणून त्या उघड्या दारामागे पडून राहिली आणि शेजाऱ्यांना पत्ता लागेपर्यंत तिची शुद्ध गेली होती. मग पुतणीचा काकाला फोन आला. ती रडत रडत म्हणाली, "काका, आईला काहीही करून पाठवा. नाहीतर एक दिवस मला तिचीही बातमीच येईल." त्या फोननंतर गुंडाळ्याला जेवण गोड लागेना.

आणि एका सकाळी वहिनीच दुकानात आली. थोरल्याच्या सायकलीचं गंजलेलं मागचं चाक तिने माळ्यावरून काढून एकटीने ओढत आणलं होतं. म्हणाली, एवढं सुरू करून द्या. ह्याचा आवाज एकदा कानावर पडला की मी लेकीकडे जाते, पुन्हा म्हणून हट्ट करायची नाही. गुंडाळ्याने चाक उचलून सरळ मागच्या खोलीत नेलं. समोरची सगळी कामं त्याने बाजूला सारली.

झाकण उघडलं तेव्हा आतून पाणी आलं. चमचा-दोन चमचेच असेल, पण थंडगार. इतकी वर्षं कोरड्या माळ्यावर पडलेल्या मोटारीत पाणी कसं, ह्याचं उत्तर त्याच्याकडे होतं. रबराचा सील घट्ट होता, आत शिरलेल्याला बाहेर पडायला वाट नव्हती. उत्तर बरोबर होतं, तरी ते पाणी फडक्याने टिपताना त्याच्या अंगावर काटा आला. टिपलं तरी जरा वेळाने हात लावला की बोट ओलं व्हायचं. शेवटी त्याने मोटर मोठ्या दिव्याखाली ठेवून वाळवली. मग काळे पडलेले वेढे कापून काढले, गंज घासला, नवा कागद बसवून नवी तार भरली. वार्निश दिलं, बेअरिंग बदलली, सेन्सर बदलले.

चाचणीच्या दिवशी दुपारी वहिनी आली. त्याने तिला मागच्या खोलीत चाकाशेजारी स्टुलावर बसवलं आणि स्वतः पुढे येऊन चांगलं चाक फिरवलं. भिंतीपलीकडून ती म्हणाली, "फिरलं हो, भाऊजी." त्याने उलटं फिरवलं. "आता उलटं." वेढे जमले होते. त्याला इतकं हायसं वाटलं की तो खाली पायरीवरच बसला.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, मिक्सर कधी मिळेल विचारून गेलं. गुंडाळ्या मागे वळला तर चांगलं चाक आपलं आपण फिरत होतं. सावकाश, उलट्या दिशेने. म्हणजे तिकडून वहिनी फिरवतेय, हे त्याने ओळखलं आणि त्याचं मन भरून आलं. इतक्या वर्षांत ह्या बाईला काही खेळावंसं वाटलं नव्हतं. त्याने टायरवर तळवा टेकून हलकेच विरुद्ध रेटा दिला. पलीकडून उत्तर आलं. त्याने थांबवलं की थांबायचं, त्याने ढकललं की ओढ घ्यायचं. एरवी ही ओढ अगदी नाजूक असते, बोटांनाच कळेल अशी. आज ती मनगटापर्यंत येत होती. तो लहान मुलासारखा दोन्ही हातांनी जोर लावू लागला आणि ऐन जोरात पलीकडून एकदम सुटलं. तो तोंडावर आपटता आपटता वाचला.

त्याला हसू आलं. अगदी थोरल्यासारखं. लहानपणी दोरी ओढताना थोरला असाच करायचा, समोरचा पुरता जोरावर आला की दोरी सोडून द्यायची आणि तो पडला की पोट धरून हसायचं. वहिनीला हे कोणी सांगितलं असेल, असं मनात येतंय तोवर चाक पुन्हा ओढ घेऊ लागलं.

"भाऊजी, साबण आहे का? हे वंगण निघत नाही."

वहिनी समोर रस्त्यावर उभी होती. मागच्या दाराने ती गल्लीच्या टोकाच्या नळावर गेली होती आणि पुढून परत येत होती. तिच्या हातांतून पाणी ठिबकत होतं. गुंडाळ्याचा तळवा अजून टायरवर होता आणि टायर त्याच्या तळव्याखाली ओढत होतं.

त्याने बोटाने साबणाची वडी दाखवली आणि तो मागच्या खोलीत गेला. खोली रिकामी होती. थोरल्याचं चाक एक फेरा घ्यायचं, थांबायचं, मग थोडं मागे यायचं. एखादा माणूस उत्तराची वाट पाहतो तसं. तो जवळ गेला आणि अगदी हळू म्हणाला, "दादा?"

चाक थांबलं.

पुढच्या खोलीत कशाला तरी वहिनीचा पाय लागल्याचा आवाज झाला. ती आत येत होती. आता ह्याने एक शब्द काढला असता तर ती ह्या स्टुलावरून उठली नसती. मग लेक नाही, नातवंड नाही, काही नाही. उघड्या दारामागे पडून राहायची ती इथे पडून राहिली असती. त्याने तिन्ही तारा ओढून वेगळ्या केल्या.

वहिनीने दारातूनच त्याच्याकडे निरखून पाहिलं. "मी नव्हते तेव्हा काही झालं का?"

"नाही. काय व्हायचंय?"

"चेहरा पांढरा पडलाय तुमचा."

"तार चुकली होती. झटका बसला जरा."

बॅटरी नसताना झटका कुठला, हे तिला कळण्यासारखं नव्हतं. मग त्याने कंट्रोलर जोडला, बॅटरी लावली आणि वेगाची मूठ पिळली. चाक गुणगुणत सुटलं, वेग वाढला तशी त्यात बारीक शीळ मिसळली. वहिनी डोळे मिटून ऐकत राहिली. त्याने मूठ सोडली. चाक मंदावत मंदावत थांबलं.

"हाच आवाज," ती म्हणाली. "पण नुसता आवाजच आहे हो, भाऊजी. त्यात ते नाहीत." मग डोळे पुसून म्हणाली, तिकीट काढा.

आठवड्याभरात ती गेली. गाडीपाशी तिने त्याचे दोन्ही हात हातांत घेतले आणि म्हणाली, "तुमच्यामुळे सुटले मी." त्या दुपारचं सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं. गाडी सुटली, तिने खिडकीतून हात केला, आणि तिचा चेहरा खरंच हलका दिसत होता.

आता वहिनी नातवाला घेऊन बागेत जाते, फोनवर खळखळून हसते आणि दर वेळी दोघांनाही बोलावते. बायको कधीची निघायला तयार आहे. गुंडाळ्या म्हणतो, दुकान कोण बघणार. दुकानात हल्ली फारसं कोणी येत नाही, हे तिला दिसतं. आलेलं काम पडून राहतं, हेही दिसतं.

जेवणाच्या वेळी ती हाक मारते तेव्हा तो पुढच्या खोलीत चाकावर तळवा टेकून बसलेला असतो, आणि भिंतीतल्या तीन तारा मागे थोरल्याच्या चाकाला जोडलेल्या असतात. त्या दुपारनंतर काहीही हललेलं नाही. "आलोच," तो म्हणतो, आणि तसाच बसून राहतो.