उंडीसारखं घर

किनाऱ्यावरचं आमचं उंडीचं झाड वाऱ्याने वाकलंय. समुद्राकडून बुटकं, गावाकडे चढत गेलेलं. मी त्याच्याखाली जन्मभर मासे सुकवले, पण ते असं का वाढलं, हे कधी मनात आलं नाही. सुनेच्या आलं. ती मुंबईत घरांचे नकाशे काढते. वादळात आमचं छप्पर उडालं, तेव्हा म्हणाली, "आई, नवं घर या झाडासारखं बांधू. समुद्राकडे छप्पर ठेंगणं ठेवलं, की वारा वरून निघून जाईल."

"बांध. पण मला त्यात वाकून चालायला लावू नको."

ती हसली आणि तिने नकाशा पुढे केला. माझी खोली समुद्राच्या बाजूला होती, लांबलचक खिडकीची.

"पडल्या पडल्या समुद्र दिसेल तुम्हाला."

"तो कुठे पळून जातोय? खिडकी वाटेकडे काढ."

"वाटेवर काय आहे बघण्यासारखं?"

मी झाडाकडे बघत राहिले. त्याच्याही फांद्या सगळ्या वस्तीकडेच. समुद्राचा राग नसेल त्याला. खारा वारा पाठीवर घ्यायचा आणि तोंड माणसांकडे ठेवायचं, एवढंच त्याने केलं. घर बांधून होईल, मुलगा-सून मुंबईला परत जातील, आणि त्यात राहणार मी एकटी.

सुनेने खिडकी खोडली. वाटेच्या बाजूला पेन्सिल टेकवून विचारलं, "कुठपर्यंत दिसायला हवं?"

"एसटीच्या थांब्यापर्यंत. तुम्ही उतरलात, की भात टाकेन."