खोली क्रमांक चौदाची नोटीस

तमाम नागरिकांस कळविण्यास अत्यंत खेद होतो की, विरार पूर्वेला चंदनसारच्या टेकडीखाली दिसणारी बावीस खोल्यांची पत्र्याची चाळ मुळात नाहीच. सबब तिच्यात माणसं राहत नाहीत, त्यांना पोरं नाहीत, आणि सकाळी नळावर जी भांडणं होतात ती कोणीही करत नाही. सर्वांनी नोंद घ्यावी.

हे माझ्या मनचं नाही. पंख्याखाली बसलेल्या एका साहेबांनी मला हे स्वतः सांगितलं. त्यांच्या कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण मला तिथे अजून दर आठवड्याला जावं लागतं.

"ताई, ती चाळ आमच्या रेकॉर्डवर नाही," साहेब म्हणाले. "नसलेल्या जागेत बाई राहते असा दाखला मी कसा देऊ?"

"साहेब, मी आत्ता तिच्याच घरी चहा पिऊन आले."

"चहाचं वेगळं, रेकॉर्डचं वेगळं."

मी हसले. अशा वेळी मी हसते, ही माझी जुनी खोड. राग आला की चेहऱ्यावर हसू येतं आणि समोरच्याला वाटतं, बाई समजूतदार आहे. वीसेक वर्षं परप्रांतातून आलेल्या कामगार कुटुंबांसाठी संस्था चालवते आहे. रेशन, दाखले, दवाखाना, शाळा. मी स्वतः इथल्याच वटार गावची, वाडीत केळीच्या पानांत वाढलेली. आमच्याकडच्या लोकांना माझं हे काम कधीच पचलं नाही. मावशी तर तोंडावर म्हणायची, "आपल्या मानसांना पानी नाय, न तू त्यांच्या पाठी फिरते." तिचं निम्मं खरं होतं, म्हणून जास्त झोंबायचं. पाणी तिलाही नव्हतं. ज्यांच्यामुळे नव्हतं त्यांच्याशी भांडायचं सोडून ती माझ्याशी भांडायची, एवढंच.

तर चौदा नंबरच्या खोलीतली ती बाई. सातिवलीच्या एका गाळ्यात प्लास्टिकच्या डब्यांना झाकणं लावायचं काम करायची. नवरा गावी गेला तो परत आलाच नाही. एकच मुलगी, आठवी पास झालेली. तिची शाळा आठवीपर्यंतच होती. नववीसाठी दुसऱ्या शाळेत गेली तर तिथल्या क्लार्कने पत्त्याचा पुरावा मागितला. आधार कार्डावर पत्ता गावचा. वीजबिल अख्ख्या चाळीला एक, तेही भलत्याच कोणाच्या नावाने. मालक भाडेकरार करून देईना, कारण करार केला की चाळ त्याची आहे हे सिद्ध होणार. आठवीपर्यंतच्या मोफत शिक्षणाचा कायदा मला तोंडपाठ आहे, कलमांसकट म्हणून दाखवते. नववीला त्याचा उपयोग शून्य.

"दीदी, या आठवड्यात झालं तर झालं," बाई म्हणाली. "सेठ बोलतो, मुलगी घरी बसलीये ना, तिलापण झाकणं लावायला घेऊन ये."

एकदा गाळ्यात गेलेली मुलगी शाळेत परतलेली मी फारशी पाहिली नव्हती. तिच्या आईनेही नव्हती पाहिली.

साहेबांनी मला चहा आणि रेकॉर्ड यांतला फरक समजावून दिला, त्यानंतर तीनच दिवसांनी त्याच कार्यालयाचा माणूस त्याच चाळीत येणार असल्याची बातमी आली. कशाला? तर अनधिकृत चाळ पाडण्याच्या नोटिसा वाटायला. जी नव्हतीच ती आता पाडायची होती. मी फोन ठेवला आणि टेबलावरचा पेपरवेट इतक्या जोरात आपटला की तो सरळ खिडकीतून बाहेर गेला. खाली कोणी नव्हतं हे माझं नशीब.

आता चाळीतली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. नोटीस कोणी हातात घेत नाही. नोटीसवाला गल्लीत शिरला की कोपऱ्यावरच्या टपरीवरून शिट्टी वाजते, बावीस दारांना कुलपं लागतात, आणि बाया मागच्या बाजूने टेकडीवर जाऊन बसतात. मग तो बिचारा दारांवर छापील कागद चिकटवून जातो. त्यावर 'संबंधित भोगवटादार' एवढंच असतं, ना नाव ना नंबर. डिंक सुकायच्या आत कागद चुलीत. सही नाही म्हणजे नोटीस मिळाली नाही, आणि मिळाली नाही म्हणजे मुदत सुरू झाली नाही. कधी महिना निघतो, कधी वर्ष. ही विद्या चाळीला कोणी शिकवली? मीच. संस्थेच्या अहवालात तिला 'कायदेविषयक जाणीवजागृती' म्हणतात.

पण नोटीस जर कोणी हातात घेतली, तर नोटीसवाला त्यावर घेणाऱ्याचं नाव, खोली क्रमांक, पूर्ण पत्ता पेनाने भरतो आणि गोल शिक्का मारतो. सरकारी शिक्का. हे मला आठवलं आणि पेपरवेटचं दुःख मी विसरले.

मी चाळीत गेले, बाईला सगळं सांगितलं. फायदा सांगितला, धोकाही सांगितला: सही केलीस की जागा खाली करायचे तुझे पंधरा दिवस सुरू. ती काही बोलायच्या आत शेजारची चाची उठली. या चाचीने माझ्या प्रत्येक सभेत पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या.

"मॅडम, तुम्हीच बोलली होती ना, कागज हातात घ्यायचा नाही?"

"हो, मीच."

"मग आता तुम्हीच घ्यायला सांगता. इसकी लडकी पढेगी, हमारा छप्पर जाएगा. व्वा मॅडम."

सही एका खोलीची होती, पण एकीने घेतली की बाकीच्यांची कुलपं फोल ठरू शकतात, हे चाचीला बरोबर कळलं होतं. मीच तर शिकवलं होतं. चाचीचा राग मला आला नाही. राग आला तो या दोघींना असं आमनेसामने उभं करणाऱ्यांचा, आणि त्यांत त्या दिवशी मीही होते.

दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजली. एकवीस दारांना कुलपं लागली. चौदा नंबरचं दार उघडं होतं आणि बाई उंबऱ्यात बसली होती, मी शेजारी उभी.

नोटीसवाला तिच्यासमोर थांबला. "घेता? खरंच घेता?" कित्येक वर्षांत कोणी त्याच्या हातून कागद घेतला नसावा, पेनसुद्धा चालेना, मी माझं दिलं. स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून त्याने सुंदर अक्षरात लिहिलं: बाईचं पूर्ण नाव, खोली क्रमांक चौदा, तळमजला (वरती मजला नाही, पत्रे आहेत), देवळामागे, चंदनसार, विरार पूर्व, पिनकोडसकट. वर पुन्हा विचारलं, "आडनाव बरोबर लिहिलंय ना, ताई?" मग गोल शिक्का मारला आणि बाईची सही घेतली.

एवढी एक ओळ मागायला मी चार वेळा त्या कार्यालयात गेले होते. 'राहतात' म्हणून लिहा म्हटलं तर ओळ नव्हती. 'हटवा' म्हणून लिहायचं तर पिनकोड तोंडपाठ. मी पुन्हा हसले. नोटीसवाल्याला वाटलं, बाई समजूतदार आहे.

मुलीला प्रवेश मिळाला, हे सांगून टाकते, उगाच ताणत नाही. जेसीबीही आला, दिवाळीनंतर. रस्त्याकडच्या सहा खोल्या गेल्या. त्यांतल्या एकीनेही सही केलेली नव्हती, आणि सही केलेली चौदा नंबरची अजून उभी आहे. चाचीची खोलीही शाबूत आहे, तरी ती माझ्या सभेला येत नाही. तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

राहिला शाळेतला प्रसंग. क्लार्कने नोटीस दोनदा वाचली, शिक्का नखाने खरवडून पाहिला.

"ताई, हा पुरावा आहे की गंमत?"

"सरकारी कागद आहे. नाव आहे, पत्ता आहे, तारीख आहे. अजून काय हवं?"

"अहो, पण यात पंधरा दिवसांत जागा खाली करा असं लिहिलंय. सोळाव्या दिवशी या मुलीचा पत्ता काय?"

मी तोंड उघडलं. मोठं भाषण तयार होतं, कलमांसकट. पण मागे उभी असलेली बाई माझ्या खांद्यावरून पुढे वाकून म्हणाली, "मग पंधरा दिवस तरी शिकवा."