कॅप्टनांच्या रिकाम्या ओळी

आमच्या बेसवर, म्हणजे ज्या विमानतळावरून आमची उड्डाणं सुटत तिथे, कंपनीचे बारा कॅप्टन होते आणि त्यांत सगळ्यांत जुना मी. वैमानिकाच्या नोकरीत हा नंबर फार मोठी गोष्ट असते. दिवाळीत घरी कोण, नव्या विमानावर आधी कोण, सगळं सिनिऑरिटी लिस्टवर ठरतं. अर्जावर सह्यासुद्धा त्याच क्रमाने होतात. वरच्याच्या आधी खालच्याने सही करायची नाही, असं कुठे लिहिलेलं नाही. पण ते मोडताना मी कुणाला पाहिलं नाही. हे आधी सांगतो, कारण मी जे केलं ते या रिवाजाच्या आडोशाने केलं.

आमची कंपनी स्वस्त तिकिटांची. मोठ्या कंपनीचा कॅप्टन तसलंच विमान त्याच धावपट्टीवरून त्याच नागपूरला नेई आणि पगार मात्र आमच्यापेक्षा कितीतरी जास्त घेई. त्यांचा एक कॅप्टन भिवंडीच्याही पुढे, पडघ्याला राहायचा, त्याच्या दारात गाडी यायची. मी भिवंडीत राहायचो, पण आमची गाडी ठाण्याच्या अलीकडे येत नसे. म्हणून भिवंडी ते ठाणे मी एका को-पायलटच्या गाडीतून जायचो.

तीही भिवंडीचीच. कोकणी मुसलमान घर, वडिलांचा लूमचा धंदा. तिच्या ट्रेनिंगसाठी त्यांनी निम्मे लूम विकले होते. माझे वडील पोस्टात. आम्ही बौद्ध. तिच्या मोहल्ल्यात तिच्याआधी आणि आमच्या वस्तीत माझ्याआधी वैमानिक कुणी झालं नव्हतं. तेवढ्यावर आमचं जमलं. अंजूरफाट्याला ट्रक अंगावर आला की माझा पाय आपोआप ब्रेक शोधायचा, आणि ती म्हणायची, "सर, वादळात उतरवता विमान, आणि इथे सीट धरून बसता?"

मोठ्या कंपनीएवढा पगार मिळावा, या मागणीचं पत्र तिने मला विचारून लिहिलं. साधं, दीड पानाचं. वर कॅप्टनांच्या बारा ओळी, खाली को-पायलटांच्या; त्यांची लिस्ट वेगळी. को-पायलटांत सगळ्यांत जुनी तीच होती. पुढच्याच महिन्यात तिचं कॅप्टन होण्याचं ट्रेनिंग सुरू व्हायचं होतं.

ज्या दिवशी ती पत्र घेऊन आली, त्याच दुपारी आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. धमकी वगैरे काही दिली नाही. एवढंच म्हणाले, "ट्रेनरच्या जागेसाठी तुमचं नाव पाठवतोय. आता कुठल्या कागदावर दिसू नका." मी बरं म्हणालो.

बाहेर येऊन मी तिला सांगितलं, बायकोला दवाखान्यात ठेवलंय, मला निघावं लागेल. तुम्ही खालच्या, को-पायलटांच्या सह्या घेऊन ठेवा, मी उद्या करतो. बायको घरी होती. तिला साधी सर्दीही नव्हती.

मी उद्या केली नाही, परवाही केली नाही. माझी नाही म्हणून खालच्या अकरा कॅप्टनांची नाही. पगाराची बैठक तोंडावर आली, तेव्हा पत्र तसंच वर गेलं: बारा ओळी रिकाम्या आणि त्यांच्याखाली पहिलं नाव तिचं. को-पायलटांचं बंड आणि त्याची पुढारी ही, असाच त्याचा अर्थ लावला गेला. तिचं ट्रेनिंग पुढे ढकललं. मग सिम्युलेटरवर जादा परीक्षा, मग शेरे. वर्षाच्या आत तिने राजीनामा दिला. त्याच्या पुढच्या वर्षी कंपनीने पगार वाढवला. मोठ्या कंपनीच्या बरोबरीने, पण फक्त कॅप्टनांचा. तोवर मी ट्रेनर झालो होतो.

तीन वर्षं मी गप्प होतो. या उन्हाळ्यात एका दुसऱ्या कंपनीचा फॉर्म माझ्या टेबलावर आला. तिने तिथे अर्ज केला होता आणि तिच्याबरोबर जास्त उड्डाणं माझी, म्हणून शेरा माझ्याकडे मागितला होता. ऑफिसने आधीच लिहून ठेवलं होतं: 'सहकाऱ्यांना चिथावले.' मी खाली फक्त सही करायची होती.

फॉर्म घेऊन मी तिच्या घरी गेलो. पूर्वी जिथे लूम होते त्या खोलीत ती वैमानिक व्हायला निघालेल्या मुलांना शिकवते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे वहिनींना काहीच झालं नव्हतं?"

"नाही."

"मी त्या दिवशी डबा घेऊन निघाले होते, सर. कुठला दवाखाना ते तुम्ही सांगितलंच नव्हतं. भिवंडीतले चार पालथे घातले." ती हसली, पण मला बसा म्हणाली नाही. "अब्बा म्हणत होते, कुछ छुपा रहा है. मी त्यांच्याशी भांडले."

मी म्हणालो, "फॉर्मवर खरं लिहितो."

"लिहिता, की उद्या?"

तिथेच बाकावर बसून लिहिलं. ऑफिसचा शेरा खोडला. पत्राला आधी माझी संमती होती, मी स्वतःच्या बढतीसाठी मागे हटलो, हिने कुणालाही चिथावलं नाही. तिने वाचलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे 'मला खेद वाटतो' काढा. त्यांना काय करायचंय त्याचं?" मी काढलं. चहा झाला नाही.

साहेबांनी फॉर्म मागे घ्यायला सांगितलं. मी घेतला नाही. महिन्याभरात ट्रेनरची जागा गेली. पगार तेवढाच आहे, त्याला कुणी हात लावला नाही.

तिला नोकरी मिळाली, हे मला तिच्या वडिलांकडून कळलं. कंपनी तीही स्वस्तातलीच. आणि सिनिऑरिटी एका कंपनीतून दुसरीत नेता येत नाही, त्यामुळे ती लिस्टमध्ये सगळ्यांत खाली लागली, को-पायलट म्हणून. कॅप्टन व्हायला अजून चार-पाच वर्षं तरी जातील. तिथल्या कॅप्टनांत दोघं असे आहेत की ते आमच्याकडे तिच्यानंतर को-पायलट म्हणून आले होते, आणि कॅप्टन होण्याचं ट्रेनिंग त्यांना मीच दिलं होतं. आता ती त्यांच्या हाताखाली उडते.